जुना स्मार्टफोन आणि नवा ब्राउजर

थोरल्या भावाने वापरून झालेला स्मार्टफोन धाकट्या बहिणीच्या हाती येतो, तेव्हा त्याची काच बहुधा तडकलेली असते आणि बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. तरीही त्यावरून बोलता येते, संदेश येतात, छायाचित्रे निघतात. खरी अडचण येते ती संकेतस्थळ उघडताना. पान अर्धवट उतरते, अर्जातील रकाना भरण्यापूर्वीच पडदा गोठतो, किंवा ही जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा झळकतो. अशा वेळी ओळखीतील जाणकार एकच सल्ला देतात : दुसरा एखादा हलका ब्राउजर घालून पाहा. हा उपाय कधी तत्काळ लागू पडतो, तर कधी त्याने काहीच साधत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, प्रवेशपत्रे, शिष्यवृत्त्या, निकाल हे सारे आता संकेतस्थळांवरूनच होते. ज्या उमेदवाराच्या घरी संगणक नाही, त्याच्या दृष्टीने हातातील जुना फोन हीच अर्जाची खिडकी असते. म्हणून नवा ब्राउजर जुन्या फोनवर नेमके काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

थोडक्यात सांगायचे तर, जुन्या फोनवर येणारा नवा ब्राउजर काही गोष्टी स्वतःबरोबर आणतो, काही फोनकडून उसन्या घेतो आणि काही कामे दूरच्या सर्व्हरवर सोपवतो. जे त्याने बरोबर आणले ते नवे असते. जे उसने घेतले ते फोनइतकेच जुने राहते. आणि जे दुसऱ्यावर सोपवले त्याबाबत त्या दुसऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. पुढील सर्व विवेचन या तीन वाट्यांचेच आहे.

दूरच्या सर्व्हरवर सोपवलेले काम

संकेतस्थळाचे पान म्हणजे एकच तयार चित्र नव्हे. त्यात मजकूर असतो, मांडणीचे नियम असतात, चित्रे असतात आणि जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञा असतात. हे सारे मागवणे, त्याचा अर्थ लावणे, आज्ञा पार पाडणे आणि अखेरीस पडद्यावर पान रेखाटणे, हे ब्राउजरचे काम. ज्या भागाकडून हे काम होते त्याला इंजिन म्हणतात.

२००० च्या दशकाच्या मध्यावर भारतात जे फोन सर्वत्र दिसत होते, त्यांना हे काम झेपणारे नव्हते. नॉर्वेतील ऑपेरा सॉफ्टवेअर या कंपनीने यावर वेगळा मार्ग काढला. २००५ मध्ये नॉर्वेत चाचणी घेऊन २४ जानेवारी २००६ रोजी तिने ऑपेरा मिनी हा ब्राउजर जगभर उपलब्ध केला. त्याचे इंजिन फोनमध्ये नव्हतेच. ते कंपनीच्या सर्व्हरवर होते. वापरकर्त्याने पत्ता टंकित केला की सर्व्हर ते पान स्वतः मागवी, त्याची मांडणी करी, चित्रे लहान करी आणि आटोपशीर स्वरूपातील तयार पान फोनकडे पाठवी. फोनने ते फक्त दाखवायचे. त्यामुळे जावा चालणाऱ्या साध्या फोनवरही पूर्ण संकेतस्थळे दिसू लागली आणि पानाचा आकार अनेकदा मूळच्या एक-दशांशापर्यंत खाली आला.

त्या काळात १० किलोबाइटला १० पैसे हा आकार अनेक ग्राहकांच्या परिचयाचा होता. ३०० किलोबाइटचे पान उघडावयास त्या हिशेबाने ३ रुपये पडत; तेच पान ३० किलोबाइटचे झाले की ३० पैसे. हलक्या ब्राउजरची लोकप्रियता कशामुळे वाढली हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. चीनमधील यूसी ब्राउजर, अमेरिकेतील बिटस्ट्रीम कंपनीचा बोल्ट असे आणखी काही याच तत्त्वावरील ब्राउजर त्या वर्षांत आले. त्यांपैकी बोल्ट २०११ च्या अखेरीस बंद पडला. सर्व्हर चालवण्याचा खर्च कंपनीला करावा लागतो आणि कंपनीने हात आखडता घेतला की फोनमधील ॲप निरुपयोगी ठरते, हा या रचनेचा अंगभूत दोष आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या प्रकारच्या ब्राउजरची एक आठवण विशेष आहे. देवनागरीत अक्षरे केवळ एकापुढे एक ठेवून भागत नाही. ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, परंतु लिहिताना त्याच्या आधी उमटते. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' यांसारखी जोडाक्षरे आणि रफार यांसाठी चिन्हांचे रूपच बदलते. युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान होते, मात्र ही जोडणी करणारी आज्ञावली आणि योग्य टंक त्या काळच्या बहुतेक फोनमध्ये नव्हते. परिणामी मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. ऑपेरा मिनीत एक आडवाट होती. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' असे रोमन लिपीत टंकित केले की गुंतागुंतीच्या लिपींसाठी चित्ररूप टंक वापरण्याचा पर्याय मिळे. तो निवडल्यावर मजकूर सर्व्हरवरच जोडला जाई आणि अक्षरांची चित्रे फोनवर येत. पान थोडे जड होई, अक्षरे मोठी केली की ओबडधोबड दिसत. तरीही साध्या फोनवर मराठी वृत्तपत्रे वाचण्याची सोय अनेकांना प्रथम लाभली ती अशी. २०१६ च्या भारतीय मानकाने, आयएस १६३३३ च्या तिसऱ्या भागाने, देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, असे ठरवले. त्यानंतरच्या फोनवर ही आडवाट घेण्याचे कारण उरले नाही.

मध्यस्थाला काय दिसते?

सर्व्हरने पान तयार करून द्यायचे, तर त्याला ते पान वाचता आले पाहिजे. येथेच या सोयीची किंमत मोजावी लागते. बँकेचे संकेतस्थळ आणि ब्राउजर यांच्यातील संदेशवहन कूटबद्ध असते, म्हणजे वाटेतील कोणालाही ते उलगडता येऊ नये अशी त्याची रचना असते. इंजिन सर्व्हरवर असेल तर बँकेकडून निघालेला संदेश सर्व्हरपाशीच उलगडतो. तेथून फोनपर्यंतचा प्रवास दुसऱ्या कुलपाखाली होतो. मधल्या टप्प्यावर पासवर्डसह सारे काही कंपनीच्या यंत्रावर उघड्या रूपात असते. कंपनी प्रामाणिक असेलही, पण तो भरवसा तांत्रिक रचनेतून मिळत नाही, कंपनीच्या शब्दावर ठेवावा लागतो.

जानेवारी २०१३ मध्ये भारतातील एका सुरक्षा-अभ्यासकाने नोकियाच्या स्वस्त फोनमधील ब्राउजर सुरक्षित संदेशवहनही कंपनीच्या सर्व्हरवर उलगडतो, असे दाखवून दिले. पान लहान करण्यासाठी हे तात्पुरते करावे लागते आणि मजकूर साठवला जात नाही, असा खुलासा कंपनीने केला. तो खरा मानला तरी बहुसंख्य ग्राहकांना याची कल्पना नव्हती, हे उरतेच. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने यूसी ब्राउजरसंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. शोधलेले शब्द आणि फोनची ओळख पटवणारे क्रमांक दुबळ्या कूटबद्धीकरणाने किंवा त्याविनाच पाठवले जात असल्याचे त्यात नमूद होते.

पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९अ अन्वये ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउजरचाही समावेश होता. परीक्षार्थींनी येथे कलमातील आधार नीट लक्षात ठेवावा. हे कलम देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबींसंबंधीच्या दखलपात्र गुन्ह्यास चिथावणी रोखणे या कारणांसाठी वापरता येते. व्यक्तीच्या माहितीचे संरक्षण हा वेगळा विषय असून त्यासाठी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. ही दोन प्रयोजने उत्तरपत्रिकांत वारंवार एकत्र केली जातात.

मध्यस्थ सर्व्हरचे महत्त्व पुढे आपोआपच ओसरले. एक तर जवळजवळ सर्व संकेतस्थळे कूटबद्ध झाली. इंजिन फोनमध्येच असलेल्या ब्राउजरला अशी पाने वाटेत लहान करून घेता येत नाहीत. दुसरे म्हणजे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर देशातील माहितीवहनाचे दर कोसळले. गुगलने क्रोममधील बचतीचा पर्याय मार्च २०२२ मध्ये काढून टाकला, तेव्हा अनेक देशांत स्वस्त झालेले दर हे त्याचे एक कारण दिले होते.

फोनकडून उसने घेतलेले : स्मृती

दर उतरले तशी अडचण सरली, असे मात्र झाले नाही. ती फोनच्या आत सरकली. एक ठोस उदाहरण घेऊ. १५ सप्टेंबर २०१४ रोजी गुगलने अँड्रॉइड वन ही योजना भारतातूनच सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे फोन ६,३९९ रुपयांपासून उपलब्ध झाले. ४.५ इंची पडदा, १ जीबी रॅम आणि ४ जीबी साठवण अशी त्यांची रचना होती. पहिलाच स्मार्टफोन घेणाऱ्यांना परवडेल, तरीही ज्याला सुधारित आवृत्त्या वेळेवर मिळतील असा फोन, हा हेतू होता. आणि या फोनना अँड्रॉइड ६ पर्यंतच्या आवृत्त्या मिळाल्याही. त्याच्या पुढे त्या थांबल्या.

अशा फोनवर आजचे पान उघडले तर काय होते? मराठी मजकूर हा त्यातील सर्वांत हलका भाग असतो. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. २,००० चिन्हांचे पान धरले तर अवघे ६ किलोबाइट. चित्रांचे तसे नाही. चित्र मार्गावर असताना आवळलेले असते, परंतु पडदा ते आवळलेल्या रूपात दाखवू शकत नाही. ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचे छायाचित्र फाइल म्हणून ३ एमबीचे असेल, मात्र ते पूर्ण उलगडले की प्रत्येक ठिपक्यामागे ४ बाइट या हिशेबाने ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी स्मृती अडते. जावास्क्रिप्टचा भार आणखी निराळा. २०० किलोबाइटचे चित्र आणि २०० किलोबाइटच्या आज्ञा उतरवून घ्यायला सारखाच वेळ लागतो. पण आज्ञा वाचून, भाषांतरित करून पार पाडाव्या लागतात आणि त्यात संथ प्रक्रियक अडखळतो. जाळे वेगवान असूनही पान का हलत नाही, याचे उत्तर बहुधा येथे असते.

१ जीबी स्मृतीतून ऑपरेटिंग सिस्टिम आपला मोठा वाटा आधीच घेते. उरलेल्या जागेत ब्राउजर, संदेश, कॅमेरा या सर्वांनी दाटीवाटीने राहायचे. जागा संपली की अँड्रॉइड पडद्यामागे असलेली ॲप एकेक करून बंद करते. पडद्यावर असलेल्या ॲपला सर्वांत शेवटी हात लावायचा, असा त्याचा अग्रक्रम आहे. हा नियम अगदी शहाणपणाचा आहे. पण ऑनलाइन अर्जाशी त्याची गाठ पडते तेव्हा जे घडते ते पाहण्यासारखे आहे.

उमेदवार नाव, जन्मदिनांक, शैक्षणिक पात्रता, परीक्षा केंद्र अशी माहिती अर्ध्या तासात भरतो. मग मोबाइलवर एकवेळचा परवली क्रमांक पाठवला जातो. तो पाहण्यासाठी उमेदवार ब्राउजर सोडून संदेश उघडतो. त्या क्षणी ब्राउजर पडद्यामागे जातो, स्मृती अपुरी पडते आणि तो बंद केला जातो. क्रमांक घेऊन परत यावे तर पान नव्याने उतरते आणि रकाने कोरे असतात. छायाचित्र जोडण्यासाठी कॅमेरा उघडला तरी तेच. उमेदवाराला वाटते की आपले काहीतरी चुकले. वस्तुतः त्याने काहीच चुकीचे केलेले नसते. संकेतस्थळाच्या नोंदीतही हा प्रसंग बहुधा 'अर्ज अपूर्ण सोडला' एवढाच उमटतो. त्यामुळे आराखडा करणाऱ्यांपर्यंत ही तक्रार पोचतच नाही.

येथे हलका ब्राउजर खरोखर उपयोगी पडतो. जो स्वतः कमी स्मृती घेतो तो पडद्यामागे गेल्यावरही टिकण्याची शक्यता अधिक. मात्र एक जपणूक हवी. एक-दोन एमबी आकाराचे कित्येक ब्राउजर म्हणजे केवळ वरचे आवरण असते. ते अँड्रॉइडमधील वेबव्ह्यू नावाचा आयता घटक वापरतात. इंजिन फोनचेच राहते. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ नंतर, हा घटक ऑपरेटिंग सिस्टिमपासून वेगळा काढण्यात आला आणि तो स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ लागला. त्याआधीच्या फोनवर तो फोनबरोबरच म्हातारा होतो. भारतात वापरात असलेल्या आयफोनवर तर कोणताही ब्राउजर घेतला तरी इंजिन ॲपलच्या प्रणालीतलेच असते. जुन्या आयफोनवर नवा ब्राउजर घातल्याने बाह्य रूप बदलते, पाने उघडण्याची क्षमता बदलत नाही. जुलै २०१७ मध्ये घोषित झालेल्या ५१२ एमबी स्मृतीच्या जिओफोनचीही मर्यादा अशीच होती : त्याच्या कायओएस प्रणालीवरील ॲप मुळात संकेतस्थळाच्याच तंत्राने बनलेली असल्याने वेगळे इंजिन तेथे आणता येत नसे.

विश्वासाची यादी

आता सुरक्षिततेच्या इशाऱ्याकडे वळू. संकेतस्थळ खरे आहे याची खात्री ब्राउजर प्रमाणपत्रावरून करतो. प्रमाणपत्रावर एखाद्या प्रमाणन प्राधिकाऱ्याची अंकीय स्वाक्षरी असते. त्या प्राधिकाऱ्यामागे त्याच्या वरचा आणि सर्वांत वर मूळ प्रमाणपत्र, अशी ही साखळी असते. कोणती मूळ प्रमाणपत्रे मानायची याची यादी फोनमध्ये कारखान्यातच भरलेली असते. फोन जुना झाला तरी यादी तीच राहते. त्यातील प्रमाणपत्रांची मुदत मात्र संपत जाते आणि नव्या प्राधिकाऱ्यांची नावे तिच्यात नसतात.

जगातील असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेबाबत हेच घडले. तिचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये नव्हते. त्या फोनवर तिचा कारभार दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे चाले आणि त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेनेच जाहीर केले की अँड्रॉइडच्या सुमारे एक-तृतीयांश उपकरणांना याची झळ बसेल. शेवटी अँड्रॉइडच्याच एका वैशिष्ट्याने वेळ निभावली : यादीतील मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आहे की नाही, हे अँड्रॉइड तपासत नाही. त्याचा आधार घेऊन २०२४ पर्यंत सवलत मिळवण्यात आली. त्यानंतर आपल्या उदाहरणातील अँड्रॉइड ६ च्या फोनला ही सवलत उरली नाही.

यावर संस्थेने त्या वेळी सुचवलेला उपाय नव्या ब्राउजरचाच होता. फायरफॉक्स स्वतःचे इंजिन तर आणतोच, शिवाय मूळ प्रमाणपत्रांची यादीही स्वतःची बाळगतो. म्हणून ज्या फोनवर इतर ब्राउजर इशारा देत होते, त्याच फोनवर फायरफॉक्स पान उघडून दाखवत होता. बरोबर काय आणले आणि उसने काय घेतले, यातील फरकाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

भारताच्या दृष्टीने या यादीला आणखी एक अंग आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १७ अन्वये प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाची नेमणूक होते आणि देशातील अंकीय स्वाक्षऱ्यांची साखळी त्याच्या मूळ प्रमाणपत्रापाशी पोचते. परंतु हे मूळ प्रमाणपत्र मानायचे की नाही, हे ठरवणाऱ्या याद्या मोठ्या परदेशी कंपन्यांच्या व संस्थांच्या हाती आहेत. जुलै २०१४ मध्ये नियंत्रकाच्या साखळीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्राधिकारपत्रावरून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले. नियंत्रकाने संबंधित प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. गुगलनेही क्रोममधील या साखळीचा वावर मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सच्या यादीत ही साखळी नव्हतीच, त्यामुळे त्याच्या वापरकर्त्यांना धोका उद्भवला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय वेब ब्राउजर विकास स्पर्धा जाहीर केली. नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र अंगभूत असलेला स्वदेशी ब्राउजर, ही तिची एक मुख्य अपेक्षा होती. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात झोहो कॉर्पोरेशनच्या चमूला प्रथम पारितोषिक मिळाले. स्वतःची यादी हाती असणे महत्त्वाचे आहेच. पण २०१४ चा प्रसंग पाहता, त्या यादीतील प्रत्येकावर लक्ष ठेवणे हे त्याहून चिकाटीचे काम ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रत्यक्ष चाचणी

जुन्या फोनवर नवा ब्राउजर घालण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अगदी क्षुल्लक वाटेल : फोनमधील दिनांक. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही जुने फोन अनेक वर्षे मागे जातात. प्रमाणपत्रांना मुदत असल्याने अशा फोनला सर्वच संकेतस्थळे संशयास्पद वाटतात आणि दोष विनाकारण ब्राउजरला दिला जातो. दुसरी गोष्ट अँड्रॉइडची आवृत्ती. क्रोमने अँड्रॉइड ५ ची साथ २०२१ मध्ये, ६ ची २०२२ मध्ये आणि ७ ची २०२३ मध्ये सोडली. आपल्या आवृत्तीसाठी ज्याला अजूनही सुरक्षा-सुधारणा मिळत आहेत असा ब्राउजर निवडावा. अधिकृत दालनात तो मिळत नाही म्हणून भलत्याच ठिकाणाहून जुनी फाइल उतरवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

चाचणी मुख्य पानावर न घेता अर्जाच्या पानावर घ्यावी. दोन-तीन रकाने भरावेत, संदेश उघडून परत यावे, कॅमेरा उघडून परत यावे, आणि भरलेले टिकते का ते पाहावे. परवली क्रमांकासाठी ब्राउजर सोडण्याची गरज बहुधा नसते. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की सूचनेतच तो वाचता येतो आणि ब्राउजर समोरच राहतो. छायाचित्र व स्वाक्षरी आधीच ठरलेल्या आकारात तयार ठेवावीत. बचतीचा पर्याय असलेला ब्राउजर वाचनासाठी खुशाल वापरावा. शुल्क भरताना, बँकेचा व्यवहार करताना तो पर्याय बंद ठेवावा. काही ब्राउजर निकालाचे पान साठवून ठेवू देतात. वीज आणि जाळे यांचा भरवसा नसलेल्या गावी हा गुण वेगापेक्षा मोलाचा ठरतो.

दुसऱ्या टोकाची जबाबदारी

फोन किती वर्षे अद्ययावत ठेवायचा, हे आजवर बहुतांशी उत्पादकांवर सोपवले गेले आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत, एखाद्या प्रारूपाची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणा उपलब्ध ठेवण्याची तरतूद आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. या नियमांचा भर टाकून दिलेल्या उपकरणाच्या पुनर्चक्रीकरणावर आहे. जो फोन चालू आहे, परंतु ज्यावर पाने उघडत नाहीत, तो कचऱ्यात जाण्याआधीचा टप्पा अद्याप धोरणाच्या चौकटीत पुरेसा आलेला नाही.

सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये प्रथम निघाल्या, २०१८ मध्ये त्यांची दुसरी आणि २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. निरनिराळ्या उपकरणांवर आणि ब्राउजरवर पान नीट चालावे, ही अपेक्षा त्यांत आहे. अर्जाच्या बाबतीत ती पुरी करण्यास फारसा खर्चही येत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर भरलेली माहिती उमेदवाराच्या फोनवर विसंबून न राहता सर्व्हरवर मसुदा म्हणून जतन करावी. परवली क्रमांक अर्जाच्या अखेरीस न मागता आरंभीच, रकाने कोरे असताना मागावा. मोठे छायाचित्र आले तर ते नाकारून उमेदवाराला सायबर कॅफेत धाडण्याऐवजी सर्व्हरने ते स्वतः लहान करावे. आणि शेवटच्या दिनांकाआधी हा अर्ज एकदा १ जीबी स्मृतीच्या फोनवर, मध्येच संदेश उघडून, कोणीतरी भरून पाहावा.